टायरचा तुकडा

बाल्कनीचं दार आपटू नये म्हणून मी खाली टायरचा एक तुकडा लावते. काल लेक म्हणाली, "आई, फेक ना यार हे! उन्हात केवढा वास येतो." त्या वासाने मी थेट दिल्लीजवळच्या मानेसरच्या रस्त्यावर जाऊन पोचले. तिथे नवे कारखाने उभे राहत होते आणि मी नवीन इंजिनिअर होते.

आमचं प्रेस मशीन ट्रेलरवर हातभर सरकून एका बाजूला कललं होतं. चूक माझी होती. गंज चढू नये म्हणून तळाला भरपूर ग्रीस मीच लावायला सांगितलं होतं. आता काही झालं तरी मशीन आजच पोचवायचं, या हट्टाने मी ओरडले, "चेन खोलो, जॅक लगाओ!"

म्हाताऱ्या ड्रायव्हरने मशीन अडवून धरणाऱ्या साखळीवर हात ठेवला. "नहीं मॅडमजी. पहले दूसरी तरफ से बाँधेंगे, फिर ये खोलेंगे."

मी चिडले, पण तो हलेना. शेवटी त्याच्याच पद्धतीने मशीन इंचाइंचाने मागे ओढलं. जॅकवर उचलून मी स्वतः रॉकेलने ग्रीस पुसलं, खाली टायरचे तुकडे सरकवले. दिवस मावळायच्या आत मशीन कारखान्यात होतं.

कित्येक वर्षं मी ही गोष्ट माझ्या जिद्दीची म्हणून सांगत आले. काल तुकडा परत दाराखाली सारताना एकदम लक्षात आलं, "चेन खोलो" म्हणताना मशीन कललेल्या बाजूला, अगदी त्याच्याखाली, मीच उभी होते.