लाल लोकर

आमचे हे दिवसभरात शंभर शब्दही बोलत नाहीत, आणि त्यातले नव्वद गिऱ्हाइकाला नाही म्हणण्यात खर्च होतात. किनाऱ्यावर उभं राहून समुद्रात गळ टाकणाऱ्यांसाठी रॉड आणि रीळ विकायचं आमचं दुकान. माणूस आत येतो, भिंतीवरची सगळ्यात लांब रॉड मागतो आणि काचेतलं सगळ्यात मोठं रीळ. हे म्हणतात, "या दोघांचं जमायचं नाही." मग त्याचा खांदा बघतात, मनगट बघतात, रॉडवर रीळ चढवून ती एका बोटावर तोलतात. रीळ जड झालं तर तासाभरात हात भरून येतो, हलकं झालं तर रॉड पुढे तोंडघशी पडते. बोटावर आडवी राहिली की मगच पुढचं काम. इतकी चिकित्सा यांनी मला बघायला आल्यावर केली असती तर मी आज कुठे असते कोण जाणे.

रिळावर बारीक नायलॉनचा दोरा भरायचा, कारण तो लांब जातो. पण गळासोबत बांधलेलं दीडशे ग्रॅमचं शिसं जोरात फेकताना बारीक नायलॉन तुटतं, आणि मग ते शिसं कुणाच्या डोक्यात बसेल सांगता येत नाही. म्हणून त्याच्या पुढे रॉडच्या दुप्पट लांबीचं जाड नायलॉन जोडायचं. ती गाठ हे स्वतः मारतात, दोनदा ओढून बघतात, आणि मग गाठ झाल्याची खूण म्हणून रॉडच्या मुठीला लाल लोकर बांधतात. लोकर माझ्या जुन्या स्वेटरची, न विचारता उसवलेली. लोकरीशिवाय रॉड उंबरठा ओलांडत नाही, हा आमच्या दुकानाचा कायदा.

गेल्या वर्षापासून यांनी एक धसका घेतलाय. माझे थोरले दीर आधी चष्मा विसरायला लागले, मग जेवलो की नाही ते, आणि एक दिवस पोटच्या मुलाला म्हणाले, "आपण कोण?" तेव्हापासून हे रोज सकाळी दाढी करताना भिंतीवरच्या सगळ्या रॉडची लांबी आणि कुठली किती ग्रॅमचं शिसं पेलते ते पुटपुटतात. एखादा आकडा अडकला की चहाला हात लावत नाहीत. मी थट्टा करते, "माझा वाढदिवस तर तुम्ही तीस वर्षं विसरताय, त्याला कुठला डॉक्टर?" पूर्वी हसायचे. आता हसत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मलाही आतून भीती वाटते.

त्या रविवारी निवृत्त पोस्टमास्तर त्यांची पहिलीवहिली रॉड न्यायला येणार होते. मी दोन गिऱ्हाइकांत अडकले होते. तेवढ्यात पार्सलवाल्याचा फोन आला म्हणून हे सही करायला नाक्यावर गेले, आणि पाठोपाठ पोस्टमास्तर हजर. "वहिनी, पाणी चढायला लागलंय, देता का लवकर?" बघते तर रीळ चढलेलं, नायलॉन टोकापर्यंत ओवलेलं. फक्त लोकर नव्हती. माझ्या मनात आलं, विसरले वाटतं. त्यांना कळलं तर दिवसभर झुरत बसतील. मी पटकन लोकर बांधली आणि रॉड दिली. शहाणपणा नडतो तो असा.

दहा मिनिटांनी कात्री शोधताना भिंतीवरच्या खिळ्याकडे नजर गेली. पोस्टमास्तरांच्या रॉडसाठी मापून कापलेलं जाड नायलॉन तिथे गुंडाळून लावलेलं होतं. पोस्टमास्तरांना फोन लावला, वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. रविवार, सुट्टी, अख्खा किनारा पोराबाळांनी भरलेला.

हे आले. मी म्हटलं, "अहो, पोस्टमास्तर रॉड घेऊन गेले. जाड नायलॉन इथेच राहिलं."

त्यांनी खिळ्याकडे पाहिलं. "लोकर होती?"

"होती," मी म्हटलं. खोटं काहीच बोलले नाही, तरी जीभ जड झाली.

"म्हणजे मी गाठ न मारताच लोकर बांधली," ते हळूच म्हणाले आणि नायलॉन खिशात कोंबून बाहेर पडले. मी दुकान तसंच टाकून मागे पळाले.

रस्ताभर ते पुटपुटत होते. "साडेतेरा फूट, शंभर ते... शंभर ते..." पुढचा आकडा येईना. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी मनाला समजावलं, आधी कुणाला लागायच्या आत पोचू, मग बोलू. खरं म्हणजे माझी पाचावर धारण बसली होती.

किनाऱ्यावर पोस्टमास्तर पाठमोरे उभे होते. शिसं मागे वाळूवर ठेवलेलं, रॉड खांद्यामागे. डावीकडे वीसेक पावलांवर दोन मुली वाळूचं घर करत होत्या. हे ओरडले, "थांबा!" वाऱ्यात काही ऐकू गेलं नाही. पोस्टमास्तरांनी पाय रोवला. हे धावत जाऊन गुडघ्यांवर पडले आणि ते शिसं दोन्ही हातांनी धरलं. रॉड वाकली, नायलॉन ताणलं, पोस्टमास्तर दचकून वळले.

"अहो, हे काय?"

"माफ करा," हे धापा टाकत म्हणाले. "गाठ राहिलीय. माझं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही. उद्यापासून दुकान बंद. आमच्या दादाचं असंच सुरू झालं होतं."

मला ते ऐकवेना. "लोकर मी बांधली," मी म्हटलं. "तुम्ही विसरलात असं वाटलं, म्हणून."

आता चार लोकांत काय ऐकावं लागतंय म्हणून मी मान खाली घातली.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

"नाही."

"आल्यावर गाठ मारणार होतो. म्हणूनच खिळ्याला लावलं होतं."

"हो."

ते वाळूतच बसले आणि लहान मुलासारखे रडले. पोस्टमास्तरांना काही समजेना, ते रॉड धरून बिचारे उभेच. मग यांनी खिशातून जाड नायलॉन काढलं, थुंकीनं ओलं करून गाठ मारली, दोनदा ओढून बघितली. मुठीवरची माझी लोकर सोडून त्यांनी माझ्या हातात दिली.

"शंभर ते दोनशे ग्रॅम," ते म्हणाले. "बांध आता."