इझ्रा स्टॅनिफोर्थचे पाय

आमच्या शेफिल्डात पोलादाचं नाव निघालं की लोक भट्टीवाल्यांचं कौतुक करतात. मी वितळलेलं पोलाद साच्यात ओततो, त्यामुळे ते कौतुक माझ्याही वाट्याला आलं आहे आणि मी ते कधी नको म्हटलेलं नाही. पण खरं सांगायचं तर आमचा सगळा कारखाना इझ्रा स्टॅनिफोर्थच्या पायांवर चालायचा.

इझ्रा मुशी करायचा. पोलाद वितळतं ते मातीच्या मुशीत, आणि एक मूस तीनदा भट्टीत गेली की संपली. म्हणजे रोज नव्या हव्यात. त्यांची माती मूसघराच्या फरशीवर पसरून अनवाणी पायांनी चार-पाच तास तुडवावी लागते. फावड्याने भागत नाही, फावड्याला खडा कळत नाही. मातीत एखादा कोळशाचा कण राहिला तर मूस भट्टीत तडकते आणि शेजारी जो उभा असेल त्याचं नशीब. इझ्राच्या अंगठ्याखाली मोहरीएवढा कण आला तरी तो थांबायचा, वाकून कण काढायचा, खिडकीबाहेर टाकायचा आणि पुढचं पाऊल उचलायचा. असं तीस वर्षं. बोलायचा फार कमी. त्याच्या वाट्याचं त्याची बायको केझिया बोलायची.

राणी गादीवर आली त्या वर्षीच्या हिवाळ्यात एका आठवड्यात तीन मुशी फुटल्या. तिसरी फुटली ती माझा मेहुणा सेथ भट्टीतून उचलत असताना. पायाला गुंडाळलेली ओली गोणपाटं जाळून पोलाद त्याच्या पोटरीत उतरलं. हॅटर्सली मालकांनी माती पुरवणाऱ्याला शिव्या घातल्या आणि दुसरीकडून माती मागवली. मी मात्र फुटक्या मुशीचं खापर उचलून पाहिलं. त्यात वाटाण्याएवढं भोक होतं. कोळशाचा खडा जळून गेला होता, जागा राहिली होती.

माझं डोकं तसंही लवकर तापतं. पण इझ्रावर एकदम तुटून पडायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी मूसघरात गेलो, त्याची पाठ होती तेव्हा वाटाण्याएवढा एक खडा मातीत दाबला आणि दाराशी उभा राहिलो. इझ्रा त्यावरून तीनदा गेला. तीनदा.

मग मात्र मी खापर त्याच्यासमोर धरलं. त्याने ते नीट पाहिलंही नाही. थंड चिखलात पाय सुन्न होत गेले होते, शरद ऋतूपासून तळव्यांना काहीच कळत नव्हतं, असं त्याने खाली बघतच सांगितलं.

"आणि तू गप्प बसलास?" मी म्हणालो. "सेथचा पाय जात होता, म्हातारबा."

"रोज वाटायचं, उद्या जाण परत येईल." तो म्हणाला. "हे काम गेलं तर आम्हा दोघांना गरीबखाना. तिथे नवरा-बायकोला वेगळं ठेवतात रे."

मी मालकांना सांगणारच होतो. सेथच्या पोटरीकडे बघून आलो होतो, मनात दयामाया नव्हती. तेवढ्यात केझिया त्याचं जेवण घेऊन आली. किती ऐकलं होतं कोण जाणे. तिने ओटची भाकरी आणि कांदा खिडकीत ठेवला, मोजे काढले, परकर गुडघ्यापर्यंत खोचला आणि सरळ मातीत उतरली. तिचा बापही मुशी करायचा, लहानपणी ती त्याच्यामागून माती तुडवायची. मोठी झाल्यावर बाईमाणूस म्हणून तिला फाटकाबाहेर काढलं होतं. आमच्याकडेही नियम तोच.

मी एक खडा टाकला होता. तिने तीन काढून माझ्या हातावर ठेवले.

"आता जा मालकांकडे," ती म्हणाली. "जायचं असेल तर."

मी गेलो नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. रोज दुपारी केझिया जेवण घेऊन यायची आणि संध्याकाळी जायची. मालक मूसघरात कधी पाय ठेवत नसत, बूट चिखलाने भरतात म्हणून. बाकी सगळ्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. सेथला मीच सांगितलं. तो मला दहा मिनिटं वाटेल ते बोलला आणि इझ्राशी चार महिने बोलला नाही.

त्या चार महिन्यांत एकही मूस फुटली नाही. ईस्टरच्या जेवणाला मालकांनी सगळ्यांसमोर इझ्राला उभं केलं, उत्तरेकडच्या सर्व कारखान्यांत असे पाय नाहीत म्हणाले, आणि नवेकोरे बूट त्याच्या हातात दिले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मनात म्हटलं, बाबा, आता घे आणि खाली बस.

इझ्रा बसला नाही. त्याने बूट मेजावर ठेवले.

"हे मला नकोत, मालक," तो म्हणाला. "केझियाच्या मापाचे करून द्या. माती ती तुडवते. माझे पाय मेलेत."

त्याने मग सगळं सांगितलं, सेथच्या पायाचंसुद्धा. मालकांचा चेहरा लाल झाला. बाईला आत घेतलंच कसं, असं ते सुरू करणार, तेवढ्यात सेथ लंगडत उठला. मला वाटलं, आता हा जुना हिशोब चुकता करणार.

"मालक, मूस मी उचलतो," सेथ म्हणाला. "माझा एक पाय शाबूत आहे, तो मला हवाय. तुडवू द्या बाईंनाच."

कोणी हसलं नाही. मालक खाली बसले, पेल्यातली बिअर संपवली आणि चांभाराला बोलवायला सांगितलं.

ते बूट केझिया चॅपेलला जाताना घालते. एरवी ते मूसघराच्या फळीवर असतात, कारण काम अनवाणीच करावं लागतं. इझ्रा आता मुशींना आकार देतो. संध्याकाळी तिची माती संपली की तो बादलीत गरम पाणी घेऊन येतो आणि तिचे पाय धुतो. पाणी जास्त गरम तर नाही ना, हे आधी हात घालून बघतो.