निळा व्हिडिओ गेम

नांदेडला अक्काचं घर बदलायचं निघालं, तेव्हा माळ्यावरून आमचा लहानपणीचा व्हिडिओ गेम खाली आला. टीव्हीला जोडायचा, वर कॅसेट खोचायची, दोन रिमोट वायरनं लटकलेले, तसला. वडील चाकूरला मास्तर होते, तेव्हा त्यांनी आम्हा दोघा भावंडांत मिळून घेतलेला. लग्नात तो अक्काबरोबर नांदेडला कसा गेला, याचा खुलासा तिनं आजवर केलेला नाही.

"घेऊन जा," ती फोनवर म्हणाली. "तुझे दाजी भंगारात देऊन राहिले."

मी तो लातूरला घेऊन आलो. मी सरकारी कार्यालयात नोकरी करतो. बिघडलेली गोष्ट नीट होऊ शकते यावर तिथं माझा विश्वास उरलेला नाही, म्हणून निदान घरी तरी प्रयोग करून पाहावा असं वाटलं.

आधी एका दुकानात गेलो. पाटीवर अजून 'टीव्ही, रेडिओ दुरुस्ती' होतं, आत सगळी मोबाइलची कव्हरं. मालकानं गेम हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाला, "सर्किट उडालं."

"उघडून तर बघा."

"उघडायचं कशाला? इतक्या वर्षांत उडालंच असंल की."

मग मी फोनवरच्या व्हिडिओंना शरण गेलो. सोल्डरिंगची कांडी आणली, जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरला आणि गेमचा डबा उघडला. सर्किट काही उडालेलं नव्हतं. वीज आत येते त्या खाचेचा एक पाय सुटून लोंबत होता. त्याला डाग दिला. डाग मोठा पडला, धूर झाला.

"काय जळालं?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही न्हाई. दुरुस्ती चाललीय."

बटण दाबलं आणि लाल दिवा लागला. कार्यालयात इतक्या वर्षांत माझ्या हातून असं काही झालं नव्हतं. मग रिमोट उघडला. उडीचं बटण मेलेलं होतं, आतलं रबर झिजलेलं. टीव्हीच्या जुन्या रिमोटमधलं रबर कापून तिथं बसवलं. टीव्हीला जोडायचा तो अक्का आल्यावरच, असं ठरवून टाकलं.

इथंच थांबायला हवं होतं. पण ते व्हिडिओ थांबू देत नाहीत. गेमचं मूळ पांढरं प्लॅस्टिक चहात बुडवल्यासारखं पिवळं पडलेलं. केस उजळायची क्रीम लावून उन्हात ठेवलं तर ते पांढरं होतं, असं एका गोऱ्या माणसानं दाखवलं होतं. लातूरला उन्हाची काय कमी! ब्यूटी पार्लरचं सामान विकणाऱ्या बाईंनी विचारलं, "कुणासाठी पाहिजे?" मी म्हणालो, "प्लॅस्टिकसाठी." त्यांनी माझ्या टकलाकडे पाहिलं आणि बाटली दिली.

गच्चीवर मी डब्याला क्रीम चोपडत बसलो. आमच्या इमारतीत निम्मी घरं पोरांच्या क्लासेससाठी भाड्यानं घेतलेली आहेत. जळकोटहून लेकीला घेऊन आलेल्या एक ताई कपडे वाळत घालता घालता थबकल्या.

"साहेब, हे परीक्षेचं काही हाय का?"

"न्हाई हो."

"मग कशाला करून राहिलाव?"

या प्रश्नाला आमच्या शहरात उत्तर नाही.

संध्याकाळी पाहिलं तर डबा जागोजागी पांढरा, बाकी पिवळा. अंगावर कोड फुटावं तसा. आता रंग देण्यावाचून इलाज नव्हता. गॅरेजमध्ये गाड्यांचे बंपर रंगवणाऱ्याकडे गेलो. त्यानं कोणता मारू विचारलं, मी निळा सांगितलं. त्या गेममधलं आभाळ निळं होतं आणि ते माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. एवढंच.

पण आमचं घर बौद्ध आणि डबा निळा, एवढं जुळल्यावर लोक आभाळापर्यंत कशाला जातील? कार्यालयात फोटो दाखवला, तर शेजारच्या टेबलावरचे साहेब हसले. "निळा! आम्हाला वाटलंच होतं." हे रोज माझ्या जेवणाच्या डब्यातली शेंगाचटणी खाणारे. इमारतीच्या सेक्रेटरींनी आपुलकीनं विचारलं, "मिरवणुकीतला रंग उरला होता का?" आमच्या गल्लीतल्या एका कार्यकर्त्याला आनंद झाला, पण समाधान नाही. "दादा, मधी पांढरं चक्र पाहिजेल होतं," तो म्हणाला. वैतागून मी गॅरेजवाल्याला म्हणालो, काळा मारला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "काळा मारला तर लोक विचारतेत, निषेध कशाचा?"

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. इतक्या हौसेनं केलेली गोष्ट, आणि ती नेमकी काय आहे हे कुणी विचारलंच नाही.

दिवाळीला अक्का आली. मी गेम टेबलावर मांडून ठेवला होता. तिनं तो फिरवून फिरवून पाहिला.

"मस्त झालाय की रे. पण हा निळा कुठून काढलास?"

शेवटी कुणीतरी विचारलं होतं. मी छाती फुगवून म्हणालो, "गेममधल्या आभाळाचा."

अक्का हसायला लागली. "अरे, आपला टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. कसलं निळं?"

खरंच की. चाकूरच्या त्या टीव्हीवर आभाळही राखाडी आणि माणूसही राखाडी. मग हे निळं मी पाहिलं कुठं? पुष्कळ आठवून पाहिलं. कुठंच नाही. ते मी तेव्हा मनानंच भरलं असणार.

"लाव बरं," अक्का म्हणाली आणि पदर खोचून जमिनीवरच बसली.

कॅसेट खोचली. मोठ्या टीव्हीवर चित्र आलं. आभाळ निळं होतं, पण फिकं, धुऊन धुऊन विटलेल्या शर्टासारखं. डब्याचा निळा त्याहून कितीतरी झकास होता. रिमोट हातात धरून अक्का पाहतच राहिली.

"आपण हे पहिल्यांदाच रंगीत पाहून राहिलो रे," ती म्हणाली, आणि त्या नादात तिचा गडी थेट खड्ड्यात गेला.