मंगळवारच्या चिठ्ठ्या

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. घरातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारखे ते आपोआप साठतात, आणि एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. माझे तर खरोखरच एका स्टीलच्या डब्यात आहेत. परवा मोबाइलवर एक यादी वाचली, रागारागानं डबा उघडला, आणि बसलो तासभर!

लोणावळ्याच्या बाजारात माझं दुकान आहे. आधी कॅसेटचं होतं, मग सीडीचं झालं, आता मोबाइलची कव्हरं विकतो. वर घर. रविवारी लोणावळ्यात शटर ओढणारा वेडाच, म्हणून माझी सुट्टी मंगळवारी. त्या दुपारी वरच्या खोलीत आम्ही तिघं जमायचो. मी, रेल्वेच्या तिकीट खिडकीवरचा विलास आणि जवळच्या औंढे गावचे सदाभाऊ. सदाभाऊ शेतकरी, आमच्याहून पंधरा वर्षांनी मोठे.

नवा निघालेला एक अल्बम लावायचा, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. मधे बोलायचं नाही, गाणं पुढे ढकलायचं नाही. ज्यानं अल्बम आणला त्यानं चहा करायचा. संपल्यावर प्रत्येकानं दहापैकी मार्क लिहून चिठ्ठी डब्यात टाकायची. चिठ्ठ्या म्हणजे शेजारच्या चिक्कीवाल्याची चुकून उलटी छापलेली लेबलं. त्यानं गठ्ठाच देऊन टाकला होता. डिसेंबरात बेरीज करून आमची वर्षाची यादी लागायची. ती आम्हा तिघांशिवाय कुणी वाचली नाही, पण भांडायचो असं की जणू देश वाट बघतोय.

*

एका वर्षी मी फोनवरून वाजणारा नवा स्पीकर आणला. त्यावर पहिल्याच महिन्यात एक अल्बम लागला, त्याची सुरुवातच निरोपाच्या गाण्यानं. चहा पिताना विलास म्हणाला, निरोपानं सुरुवात करायला छाती लागते. मी त्यावर अर्धा तास बोललो. सदाभाऊंनी पैकीच्या पैकी दिले. तो अल्बम वर्षात पहिला आला.

यादी लागली त्या दिवशी विलासची मुलगी त्याला बोलवायला आली होती. माझा फोन हातात घेऊन म्हणाली, "काका, शफल चालू आहे. गाणी पत्त्यांसारखी पिसून लागतायत."

वर्षभरात आम्ही एकही अल्बम त्याच्या क्रमानं ऐकला नव्हता! विलासचं म्हणणं, सगळे मार्क रद्द करा. सदाभाऊ शांतपणे चहा संपवत म्हणाले, "आपुन जे ऐकलं त्याला मार्क दिलं. त्यास्नी तसं सुचलं न्हाई, त्याला आपुन काय करनार?"

मार्क कायम राहिले.

*

माझी बायको मंदा आमच्यात कधी बसली नाही. तीन बाप्ये डोळे मिटून गप्प बसलेले तिला बघवत नसत. ती आपली स्वयंपाकघरात. पण एखादं गाणं मनात भरलं की ती कुकरखालचा गॅस बारीक करायची, शिट्टी मधे येऊ नये म्हणून. हे सदाभाऊंच्या लक्षात आलं. तेव्हापासून कुकर थांबला तर त्या अल्बमला अर्धा मार्क जादा, असा नियम झाला. तिला तो आम्ही कधीच सांगितला नाही. सांगितला असता तर तिनं मुद्दाम शिट्ट्या काढल्या असत्या.

पाच वर्षांपूर्वी मंदा गेली. त्यानंतर महिनाभरानं आम्ही पुन्हा जमलो. अल्बम संपला, चिठ्ठ्या लिहून झाल्या आणि विलासनं सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग तो चहा टाकायला उठला. पाळी खरं तर माझी होती.

मी आता कुकर लावत नाही. एकट्याला पातेलं पुरतं.

*

विलास आणि सदाभाऊ एकदा रॅपच्या अल्बमवरून भांडले. सदाभाऊंनी आठ दिले, विलासनं दोन. विलास म्हणाला, हे गाणं नाही, हे भांडण आहे. सदाभाऊ म्हणाले, "भांडान बी तालात जमावं लागतं. तुला जमतंय का बघ."

झालं, बोलणंच बंद! तीन आठवडे दोघं न चुकता यायचे, एकमेकांसमोर बसायचे आणि माझ्यामार्फत बोलायचे. सदाभाऊ मला म्हणणार, त्याला विचार साखर किती. आणि विलास मला सांगणार, एक चमचा. मधे अंतर दोन हातांचं.

चौथ्या मंगळवारी लाइट गेली. स्पीकर चार्ज केलेला नव्हता. नियमाप्रमाणे आम्ही तिघं तसेच गप्प बसलो, कशासाठी ते कुणालाच माहीत नाही. बऱ्याच वेळानं विलासनं मांडीवर ठेका धरला आणि त्याच रॅपमधलं एक अख्खं कडवं न अडखळता म्हणून दाखवलं. म्हणजे गडी घरी जाऊन तीन आठवडे तेच ऐकत होता. सदाभाऊंनी डब्यातून त्याची जुनी चिठ्ठी शोधली आणि त्याच्यासमोर पेन ठेवलं. विलासनं दोनाचे सात केले.

*

मग विलास रिटायर झाला आणि मुलीकडे बेंगळुरूला गेला. सदाभाऊंचे गुडघे गेले, माझा जिना त्यांना चढवेना. कानालाही मशीन आलं. तेव्हापासून मीच मंगळवारी स्पीकर आणि डबा पिशवीत घालून स्कूटरवर औंढ्याला जातो. अल्बम नेहमी माझा, त्यामुळे चहाही माझाच.

आधी आमचे मार्क कधी जुळायचे नाहीत. दिवाळीनंतर मात्र जुळायला लागले. माझे सात तर त्यांचे सात, माझे साडेचार तर त्यांचे साडेचार. चहावर बोलायचो मीच, ते नुसती मान हलवायचे. पूर्वी ते डोळे मिटून ऐकायचे, हल्ली टक्क उघडे ठेवून बसतात. मला वाटलं, मिटले तर वयानं झोप लागत असेल म्हणून. आणि मार्कांचं म्हणाल तर, इतक्या वर्षांनी म्हाताऱ्याचा कान माझ्या हाताखाली तयार झाला, असा मी समज करून घेतला. विलासला तसा मेसेजही टाकला.

*

आता ती यादी. एका वेबसाइटनं गेल्या पाच वर्षांतले पन्नास उत्तम अल्बम काढले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, उभ्यानं वाचून काढली. पन्नासपैकी एकोणीस आम्ही ऐकलेले. आमचे लागोपाठ दोन वर्षांचे पहिले नंबर पन्नासांत कुठेच नाहीत! आणि त्यांचा पहिला नंबर म्हणजे असा अल्बम, की मी तो घरी एकदा ऐकून औंढ्याला न्यायच्या लायकीचा नाही म्हणून सोडून दिला होता.

वेबसाइटला लांबलचक ईमेल लिहिलं. मिनिटाच्या आत उत्तर आलं. मी खूश! उघडलं तर, तुमचा संदेश मिळाला, धन्यवाद, या ईमेलला उत्तर देऊ नये. मग आमच्या तिघांच्या ग्रुपवर यादी टाकली आणि खाली लिहिलं, बोला. सदाभाऊंचा फोन त्यांच्या नातवाकडे असतो. विलासनं संध्याकाळी अंगठा पाठवला.

ज्या माणसानं दोनाचे सात करायला तीन आठवडे घेतले, त्यानं नुसता अंगठा! तेव्हा मला कळलं की राग यादीचा नव्हताच. तिच्यावरून भांडायला घरात, दुकानात, फोनवर कुणी उरलं नव्हतं, त्याचा होता. एक सदाभाऊ तेवढे राहिले होते.

*

मंगळवारी तोच पहिल्या नंबरचा अल्बम घेऊन औंढ्याला गेलो. अंगणात त्यांची सून सुनीता तांदूळ पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं आणि दाराकडे नजर टाकत हळूच म्हणाली, "काका, आबांचं मशीन दिवाळीपास्नं बंद हाय. दुरुस्तीला देते म्हनलं तर नगं म्हनत्यात. तुमाला सांगू नगं म्हून बजावलंय."

मी विचारलं, मग मंगळवारी ते ऐकतात काय?

"काय न्हाई ऐकत. पर सोमवारपास्नं वाट बघत्यात."

मी स्कूटरपाशी तसाच उभा राहिलो. दिवाळीपासून आठ महिने झाले होते. आठ महिने मी एकटाच ऐकत होतो. एकदा वाटलं, परत जावं. पण आतून सदाभाऊंनी मला बघितलं होतं, आणि समोरची खुर्ची ओढून ठेवत होते.

आत गेलो आणि स्पीकर लावला. ठरवून टाकलं, आज खरं काय ते बघायचंच. नावडता अल्बम, पण मी पहिल्या गाण्यापासून मान डोलवायला लागलो. मांडीवर ठेका धरला. एका ठिकाणी डोळे मिटून वाहवासुद्धा केली. सदाभाऊ समोर बसून टक्क बघत होते. पन्नास मिनिटं त्यांनी नजर हलवली नाही.

अल्बम संपला. मी हात वर करून खूण केली आणि चिठ्ठ्या वाटल्या. मी नऊ लिहिले. त्यांनी लिहून घडी केली आणि माझ्या हातात दिली. उघडली.

दोन.

मी माझे नऊ त्यांच्यासमोर धरले आणि हातानंच विचारलं, असं कसं?

सदाभाऊंनी दोन्ही चिठ्ठ्या घेतल्या, नीट एकात एक घातल्या आणि डब्यात टाकल्या.

"आज तुझी मान खोटी हालत व्हती," ते म्हणाले.