आतोबांनी थांबवलेला सामना

उभ्या सोलापुरात आमच्या आतोबांइतकी माणसं कुणीच गप्प उभी केली नसतील, कलेक्टरसाहेबानंही नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. त्यांचा फोटोचा स्टुडिओ होता. तीन पायांच्या घोडीवर लाकडी कॅमेरा, त्यावर काळं फडकं, फडक्यात आतोबांचं डोकं आणि बाहेर उरलेलं नुसतं धोतर, हे ध्यान ज्यानं पाहिलं नाही असा माणूस गावात विरळाच. भिंगावरचं पितळी झाकण काढण्याआधी ते "हलू नका" म्हणत, आणि ते अशा आवाजात की माणूस श्वास घ्यायचा विसरे. हा आवाज स्टुडिओत ठेवून घरी येणं त्यांना कधी जमलं नाही. आत्या ताक वाढत असताना खिडकीतला उजेड तिच्या तोंडावर बरा पडला, तर ते तिला आहे तशी थांबवत, आणि ताक ताटातून पाटावर, पाटावरून त्यांच्याच मांडीवर येई. एका लग्नात त्यांनी सगळं वऱ्हाड अक्षता मुठीत धरून असं खिळवलं की मुहूर्त टळला आणि भटजींना दुसरा शोधावा लागला. मयताचा फोटो काढायला मात्र ते फार खुशीनं जात. "असं गिऱ्हाईक मिळत न्हाय बघ," घरी येऊन आंघोळ करता करता ते सांगत. "पापणीसुदिक लवत न्हाय."

आमच्या शाळेचा दर वर्षीचा ग्रूप फोटो हा त्यांचा मोठा सण. त्या दिवशी ते इस्त्रीचा कोट घालत आणि कामाला जाण्याआधी देवाला नमस्कार करत. पण सन एकोणीसशे तीस-पस्तीसच्या सुमारास आमच्या शाळेत बास्केटबॉल शिरला आणि आतोबांची झोप उडाली. उन्हाळ्यात मैदानावर पाय भाजत, म्हणून ड्रिलमास्तरांनी एका गिरणीचं रिकामं कापसाचं गोदाम मागून घेतलं होतं. गिरणीच्या लोहारानं लोखंडी कड्या वाकवून दिल्या आणि आम्ही छपराखाली खेळू लागलो. पुण्याच्या एका शाळेशी सामना ठरला तेव्हा हेडमास्तरांनी आतोबांना बोलावून घेतलं. "आम्हाला उड्या मारणारी, पळणारी मुलं फोटोत हवीत," ते म्हणाले. "जमलं तर ठीक. नाहीतर पुढच्या वर्षापासून शाळेचं काम त्या नव्या स्टुडिओवाल्याला देऊ." हा नवा स्टुडिओवाला तरुण होता, त्याचा कॅमेरा तळहातावर मावे आणि तो फोटो काढताना शीळ घाली. आतोबांना त्या शिळेचाच जास्त राग होता. पुढचे चार दिवस त्यांनी आत्याला अंगणात पळवली. ती पळाली, धापा टाकत खाली बसली, आणि काचेवर फक्त तुळशीवृंदावन उमटलं.

सामन्याच्या दिवशी दारातच मुकादमानं त्यांना अडवलं. अंधारात फोटोला उजेड पाडायला भपकन पेटवायची दारू त्यांनी बरोबर आणली होती. "मालक, हितं काडी वढायची न्हाय," मुकादम म्हणाला. "शेजारच्या गोदामात कापूस हाय. गिरणी जाईल, मीबी जाईन." झालं, दारू जप्त. उरला तो छपराच्या काचांतून येणारा उजेड, आणि त्या उजेडात झाकण निदान एक अंक मोजेपर्यंत उघडं ठेवणं भाग होतं. अर्धा सामना आतोबा फडक्यात डोकं घालून नुसते बघत राहिले. त्या कॅमेऱ्याच्या काचेवर सगळं उलटं दिसतं. मध्येच डोकं बाहेर काढून ते मला म्हणाले, "चेंडू खालनं वर पडतोय की रं." मग त्यांनी एक शोध लावला. उडी मारलेला माणूस खाली येण्याआधी वर क्षणभर थांबतो, तेवढ्यात त्याला धरायचा.

शेवटची दोन मिनिटं राहिली होती आणि गुण सारखे होते. चेंडू माझ्या हातात आला, कडी समोर होती, मी गुडघे वाकवले. आतोबांनी झाकणाला हात घातला, आणि आयुष्यभराच्या सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "हलू नका."

आम्ही पाचही जण थांबलो. लहानपणापासून दर वर्षी आम्ही त्या आवाजाला थांबत आलो होतो, पायांनी आम्हाला विचारलंच नाही. पंच झालेले ड्रिलमास्तरसुद्धा शिट्टी ओठांत धरून, छाती पुढे काढून उभे राहिले, त्यामुळे खेळ थांबवणार तरी कोण? पुण्याच्या मुलांना आतोबांचा आवाज ठाऊक नव्हता. त्यांतल्या एकानं माझ्या हातातून चेंडू अलगद काढून घेतला आणि पलीकडे जाऊन कडीत टाकला. तेवढ्यावर आम्ही हरलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आतोबा आमच्या दारात उभे. फोटो कागदात जपून गुंडाळला होता. त्यात पुण्याची मुलं चुलीतल्या धुरासारखी इकडून तिकडे पसरली होती, आणि आम्ही पाच जण मात्र शर्टाची बटणं मोजावीत इतके स्वच्छ. मी चेंडू पोटाशी धरून सरळ कॅमेऱ्याकडे बघत होतो. "लई झ्याक उभा राहिलास पोरा," आतोबा म्हणाले. "एवढ्या दंग्यात तू माझं ऐकलंस. दुसरं कोन ऐकतंय?"

मी सतरा वर्षांचा होतो. सकाळपासून वर्गात तोंड वर करायची सोय नव्हती. मी म्हणालो, "म्हणून तर हरलो, आतोबा. तुमच्यामुळं."

त्यांना ते ठाऊकच नव्हतं. काच जपत ते सामन्यातून तडक घरी गेले होते, आणि कोण जिंकलं हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. "हरला व्हय?" एवढंच ते म्हणाले. फोटो माझ्या हातात तसाच राहिला. आई चहाला थांबा म्हणत होती, पण ते थांबले नाहीत.

शाळेच्या शिपायाकडून मला नंतर कळलं की त्याच दुपारी हेडमास्तरांनी तो फोटो बघून त्यांना नकार दिला होता. ते तिथूनच आमच्याकडे आले होते. शाळा हातची गेल्याचं एक अक्षर न काढता त्यांनी माझं कौतुक केलं, आणि मी त्यांना तसं बोललो. त्याची लाज मला अजून वाटते. पुढे आमचं येणंजाणं राहिलं, सणावारी जेवणंही झाली. पण आतोबांनी मला पुन्हा कधी फोटोला बसवलं नाही, आणि माझा फोटो काढा असं त्यांना म्हणायचं धैर्य मलाही झालं नाही.