निळ्या नखांची कॉन्ट्री

"आधी हात धुऊन ये गं," सानिका म्हणाली आणि तिने प्लेट स्वतःकडे ओढली.

वर्तकनगरच्या चायनीजवाल्याकडे आम्ही वर्गातले सहा जण बसलेलो. दर शुक्रवारी बसायचो. मधे मोठी प्लेट, सगळ्यांचे काटे त्यात. मी हात पुढे केला आणि माझी नखं दिसली. निळी. सगळ्यांनी बघितली. धुतलेलेच हात परत धुवायला मी मुकाट उठले. बेसिनवर साबण घासघास घासला. रंग काय जातोय!

जीन्सचा रंग होता तो. विठ्ठलवाडीला आमच्या खोलीत कारखान्यातून पँटींचे गठ्ठे येतात. आई शिलाईचे सुटे धागे कापते. नगावर पैसे. कॉलेजातून आले की मीपण कात्री घेऊन बसते. कोऱ्या कापडाचा रंग बोटांना लागतो, नखात जाऊन बसतो. त्याच पैशातून आई रविवारी माझ्या हातावर तीनशे रुपये ठेवायची. रिक्षा, झेरॉक्स, दुपारचा वडापाव, आठवडाभराचं सगळं त्यात. साधा कटिंग चहा प्यायला तरी आईची वाकलेली मान दिसायची.

बेसिनवरून परत आले. कुणीतरी विचारलं, काय लागलेलं? मी म्हटलं, पेन फुटलं. झालं. आईचं दिवसभर बसणं मी एका फुटक्या पेनात घातलं.

नंतर मी त्या प्लेटला शिवले नाही. पण कॉन्ट्री चुकते थोडीच? आमच्यात बिल सारखं वाटायचं. कुणी किती खाल्लं ते काढायचं नाही. काढलं तर तू चिंधी. हा नियम कुणी केला? ज्याला घरी पैसे मागताना आवाज खाली करावा लागत नाही, त्याने. तरी मी भरले. आठवडाभर वडापाव न खाता वाचवलेले सगळे, न खाल्लेल्या नूडल्ससाठी. स्वतःच्या अपमानाची कॉन्ट्री भरली मी. लाज वाटते सांगायला.

रविवारी आईने पन्नास जास्त दिले. म्हणाली, "पुरत नसतील तुला. पोरींच्यात कमी दिसू नको." त्यासाठी तिने एक गठ्ठा जास्तीचा घेतलेला. नोट देण्याआधी तिने आपली बोटं गाऊनला नीट पुसली. नोटेला रंग लागू नये म्हणून.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग संताप आला. ही बाई स्वतःच्या कमाईच्या नोटेपासून स्वतःचे हात लपवते? कुणाला घाबरून? आणि मी? मी तर तिलाच लपवलेली.

पुढच्या शुक्रवारी गेले. रात्रीच धागे कापलेले, नखं तशीच. प्लेट आली, मी काटा घातला. सानिका बघायला लागली. मी म्हटलं, "हा जीन्सचा रंग आहे. माझी आई धागे कापते, मीपण कापते. तुझ्या अंगावर आहे ना, तसल्याच पँटीचे."

मग एक जण पुटपुटला, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. मनाला! खाऊन झालं, बिल आलं. मी सांगितलं, मी खाल्लं तेवढंच देणार. पलीकडून आलंच, चिंधी. मी म्हटलं, "हो, आहे." पैसे टेबलावर ठेवले आणि निघाले.

पेन फुटलं म्हटलेलं, ते आईला अजून सांगितलेलं नाही. धीर होत नाही. ती पुढ्यात पँट ओढून घेते तेव्हा ते आठवतं आणि माझी मान वर होत नाही. सांगणार आहे. ती काय म्हणेल ते ऐकून घेणार आहे. अपराधी मी तिची आहे. त्या टेबलाचं मी काहीएक लागत नाही. तिथे यापुढे एक रुपया जास्तीचा टाकणार नाही आणि हात धुवायला उठणार नाही.