क्लचचा हिरवा दिवा

माझ्या थोरल्या सुनेला आमच्या गल्लीत मास्तरीण म्हणतात. शाळेत शिकवायला ती कधी गेली नाही. ती बायकांना गाडी चालवायला शिकवते. स्वतः शिकली तेव्हा शिकवणारा इतका ओरडायचा, की ब्रेक दाबायच्या ऐवजी ही डोळे मिटायची. लायसन्स हातात आलं त्या दिवशी घरी येऊन म्हणाली, "आई, मी शिकवीन, पण ओरडणार नाही." मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. पण तिने त्याचाच धंदा केला. एखादीची गाडी चौकात बंद पडली, मागून हॉर्न वाजायला लागले, की ही शांतपणे सांगते, "गाडी बंद पडलीय, तू नाही. किल्ली फिरव."

हे मला ठाऊक, कारण नवी बाई पहिल्यांदा शिकायला बसली की मी मागच्या सीटवर असते. सुनेचं म्हणणं, आई मागे असल्या की त्यांना धीर येतो. येणारच. म्हातारी बिनधास्त बसलीय, म्हणजे या गाडीत कोणी मरत नसावं, असं त्यांना वाटतं. म्हातारीचं सगळं करून झालंय, तिला कसली भीती, हे त्यांना कोण सांगणार!

जुनी गाडी खिळखिळी झाली तेव्हा सुनेने नवी घेतली. तिच्या एकटीच्या नावावरची ही पहिली मोठी वस्तू. कंपनीची वॉरंटी होती. म्हणजे मुदतीत काही आपणहून बिघडलं तर ते फुकट दुरुस्त करून देणार. शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक लागतो, तोही तिने शोरूमला विचारून, ते म्हणतील तिथेच बसवून घेतला. ताकही फुंकून पिणारी बाई ती.

एकच अडचण राहिली. बायकांचे पायघोळ कपडे. पाय क्लचवर आहे की ब्रेकवर, शेजारी बसून काही दिसायचं नाही. त्यावर माझ्या धाकट्याने तोड काढली. गाड्यांना दिवे, हॉर्न, गाण्याची यंत्रं बसवायचं त्याचं दुकान आहे. हात सोन्याचा, आई म्हणून सांगत नाही.

"वहिनी, समोर दोन छोटे दिवे लावून देतो," तो म्हणाला. "क्लच दाबला की हिरवा, ब्रेक दाबला की लाल. वाकून बघायला नको."

"भाऊजी, कंपनीच्या वायरला हात लावावा लागेल का? वॉरंटीचं काही होणार नाही ना?"

"जरासं जोडायचं, एवढंच. आणि काही झालंच तर मी आहे ना!"

मी तिथेच लसूण सोलत बसले होते. माझ्या कानांनी ऐकलं.

दिवे झकास चालले. बायका तर खेळणं मिळाल्यासारख्या खूश. आणि एके दिवशी भर वळणावर स्टिअरिंग दगडासारखं घट्ट झालं. चालवणारी किंचाळली. सुनेने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला म्हणून समोरची भिंत वाचली, आणि आम्हीही.

गाडी ओढत कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. मीही गेले. मेकॅनिकने स्टिअरिंगखालचं झाकण काढलं, तर स्टिअरिंग हलकं ठेवणारा डबा जळलेला आणि त्याच्या शेजारून निळी कापडी पट्टी गुंडाळलेली वायर गेलेली. तिथले साहेब चांगले होते. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या.

"मॅडम, सगळी वॉरंटी गेली असं नाही," ते म्हणाले. "इंजिन, गिअर, सगळं शाबूत आहे. पण या डब्याजवळ बाहेरच्याने वायर जोडलीय. ज्याने जोडली त्याला आणा. कुठून जोडली ते त्याने दाखवावं, लिहून द्यावं. दिव्यांचा आणि डब्याचा संबंध नाही असं निघालं, तर तुमच्यासाठी मी स्वतः वर भांडतो. नाहीतर माझे हात बांधलेले."

सुनेचा जीव भांड्यात पडला. "घरचाच माणूस आहे," ती म्हणाली आणि तिने दिराला फोन लावला.

धाकटा आला. साहेबांना बघितलं आणि त्याची चालच बदलली. साहेब हसून म्हणाले, "अरे, तुम्ही! आमच्या नव्या गाड्यांना दिवे-हॉर्न बसवायचं काम ज्यांना द्यायचं चाललंय ते तुम्हीच की. ही वायर तुम्ही जोडलीत?"

धाकट्याने निळ्या पट्टीकडे पाहिलं. ही पट्टी गावात दुसरं कोणी वापरत नाही, ही माझी सही, असं तो चारचौघांत सांगायचा. आता त्याने सरळ कानांवर हात ठेवले.

"नाही साहेब. आमच्याकडे असं काम होत नाही. वहिनींनी घेतलं असेल कुठून तरी करून."

मला राहवेना. "अरे मेल्या, मी समोर बसले होते! मी आहे ना म्हणालास, ते कोणाला?"

तो साहेबांकडे वळला. आवाज अगदी मऊ केला. "आईचं वय झालंय, साहेब. गल्लत होते तिची."

केसाने गळा कापणं म्हणतात ते मी आजवर नुसतं ऐकलं होतं. साहेबांनी माझ्याकडे असं काही दयेने पाहिलं, की माझी मलाच शंका आली. सुनेने मला दंडाला धरून उठवलं. परतीच्या रिक्षात ती शिकायला येणाऱ्या एकेका बाईला फोन करून सांगत होती, उद्यापासून येऊ नका, कधीपासून ते कळवीन.

संध्याकाळी धाकटा घरी आला. पाणीही मागितलं नाही. "आई, काम मिळालं," म्हणाला. मग खाली बघून, "तिथे हो म्हणालो असतो तर गेलंच असतं. पण शपथेवर सांगतो, मी वायर गाडीच्या दिव्याच्या लाइनवरून घेतली होती. त्या डब्याशी तिचा काही संबंध नाही."

"मग हेच तिथे सांगायचं होतं."

"आता बोलून काय उपयोग! मी करतो ना भरपाई. डबा कुठूनही मिळवतो, उद्या येऊन स्वतः बसवून देतो. फुकट. तू सांग वहिनीला."

सांगायची गरज नव्हती. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ओरडली नाही. चौकात भांबावलेल्या बायकांशी बोलते त्याच आवाजात म्हणाली, "गाडीला हात लावू नका, भाऊजी. डब्याचं माझं मी बघीन, कंपनीतच. इंजिनाची वॉरंटी अजून शिल्लक आहे."

तो उठला. चपला पायात सरकवायला त्याला बराच वेळ लागला. आम्ही दोघी उभ्या राहिलो. दार लावायचं होतं.